वाळलं झाड भिंतीवर नको

चांद्याच्या जंगलात जाऊन आल्यापासून भेटेल तो मला एकच विचारतो, "वाघ दिसला का?" नाही दिसला. जणू त्या एवढ्या मोठ्या जिल्ह्यात वाघाशिवाय कुणी राहतच नाही. आणि दिसला असता तरी मी त्याचा फोटो काढला नसता. मी निसर्गदृश्यांचे फोटो काढतो, माझा कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर चढवायचा असतो, वाघ तेवढा वेळ थांबत नाही. मला दिसलं ते एक झाड. ते बिचारं वर्षानुवर्षं एका जागी उभं होतं, तरी त्याचा फोटो मला मिळाला नाही. ती हकीकत ऐकायला साताऱ्यात कुणाला सवड नाही, म्हणून लिहून काढतो आहे.

साताऱ्याहून निघताना

माझा साताऱ्यात स्टुडिओ आहे. मागे धबधब्याचा रंगवलेला पडदा, पुढे नवरा-नवरी. पोट त्यावर चालतं. पण जीव लागतो तो बाहेरच्या फोटोंत. सह्याद्रीचे कडे, घाटातलं धुकं, उन्हाळ्यातली कोरडी नदी असले फोटो मी वर्षानुवर्षं काढत आलो आणि पुण्याचा एक कॅलेंडरवाला ते आवडीनं छापत आला. मग दोनेक वर्षांपूर्वी काय झालं देव जाणे, मला दिसायचं बंद झालं. डोळे ठणठणीत होते. कॅमेरा लावायचो, भिंगावरची टोपी काढायचो, फोटोची काच धुवायचो, फोटो अगदी बरोबर यायचा आणि त्यात काही नसायचं. जांभई यावी तसे फोटो येत होते.

अशा माणसाला सल्ला द्यायला सगळं गाव टपलेलं असतं. वकील म्हणाले, पहाटे थंड पाण्यानं आंघोळ करा. डॉक्टरांनी यकृताचं औषध दिलं. मेहुण्यानं सांगितलं, नवा कॅमेरा घ्या, म्हणजे नवं दिसेल. अहो, शेत पिकेना म्हणून कुणी नवा नांगर पूजतं का? सगळ्यांत राग आला तो "विश्रांती घ्या" म्हणणाऱ्यांचा. दोन वर्षं मी दुसरं काय करत होतो?

शेवटी कॅलेंडरवाल्याचा निरोप आला. घाट, किल्ले पुरे झाले, लोक कंटाळले. जंगल, तळं असलं काही आणा, नाहीतर यंदा दुसरीकडे बघतो. बायको सुमन एवढंच म्हणाली, "जाऊन या. नाही जमलं तर मोठा कॅमेरा विकून टाकू. रोज उठून त्याच्याकडे बघत बसता, ते मला बघवत नाही." ती हे रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिनं ते इतक्या सरळपणे सांगितलं की मी मुकाट्यानं ट्रंक भरली. मनाशी ठरवलं, हा शेवटचा प्रवास. रिकाम्या हातानं आलो तर कॅमेरा विकायचा आणि जन्मभर त्या धबधब्याच्या पडद्यापुढे माणसं बसवायची.

नदीपलीकडे

नागपुरापासून ब्रह्मपुरीपर्यंत छोट्या रुळांची गाडी जाते. तिच्याबद्दल काही लिहीत नाही, तिला माझ्याहून जास्त घाई नव्हती एवढंच. तिथून वैनगंगा ओलांडून गडचिरोलीच्या बाजूला गेलो. पौष महिना. धान कापून झालेलं, रिकाम्या बांध्यांमध्ये, म्हणजे खाचरांत, लाखोळीच्या डाळीची हिरवी नक्षी उगवलेली. पलीकडे सागाचं आणि बांबूचं रान सुरू होतं ते संपतच नाही.

आता असल्या रानात माझ्यासारख्याला काय कमी? पण कुठेही तिकाटणं उभं केलं की झाडीतून माणसं उगवायची आणि कॅमेऱ्यासमोर ओळीनं ताठ उभी राहायची. हात मांड्यांना चिकटवलेले, श्वास रोखलेला. मी म्हणायचो, "बाजूला व्हा हो, मला झाडं हवी आहेत." ती दोन पावलं सरकायची आणि पुन्हा ताठ उभी. एका म्हाताऱ्यानं तर मलाच समजावलं, "झाडं काय कुठी जाते जी? आदी आमचा काढून घ्या." डोंगर-झाडं एवढ्या लांबून बघायला कुणी येतं, हे त्यांना पटत नव्हतं. आमच्याकडे किल्ल्यावर कॅमेरा लावला तर पोरं फार तर खडे मारतात, पण समोर येऊन उभी राहत नाहीत.

माणसांना दोष देऊन काय उपयोग म्हणा. एकदा एकटाच रानात शिरलो. चोहीकडे सागाचे सरळ सोट बुंधे, मोठमोठी वाळकी पानं पायाखाली मोडत होती, वरून ऊन सांडत होतं. काळ्या फडक्याखाली डोकं घातलं, दुधी काचेवर सगळं उलटं, स्वच्छ दिसलं. आणि काही वाटलं नाही. तिथंच बुंध्याला टेकून बसलो. मला त्या जंगलाचाच राग आला. एवढं सगळं मांडून ठेवलंय आणि माझ्यासाठी त्यात घासभर नाही. काचा तशाच डब्यात ठेवून परत फिरलो.

तळ्याचं गाव

नदी ओलांडून आलो तर ब्रह्मपुरीकडे जाणारी मोटार बिघडलेली. मोटारवाला उतारूंना म्हणे उद्या या. उद्या म्हणजे काय, मी काय नदीत राहणार? मी त्या मोटारवाल्याशी भांडत असताना बाजार करून परतणारा एक शेतकरी आपली बैलांची बंडी थांबवून शांतपणे ऐकत होता. माझं भांडण संपल्यावर म्हणाला, "बसा ना जी बंडीत. आमच्या गावाले चला. भांडाले उद्या येजा."

हे डोमाजीभाऊ. पन्नाशीचा, कमी बोलणारा, धानाची शेती करणारा माणूस. त्यांच्या गावाचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं तर आणखी कुणी फोटोवाला तिथं जाईल आणि त्याच्यासाठी ते आणखी काहीतरी साफ करतील.

गावाला लागून मोठं तळं आहे. बंडी त्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर चढली आणि मी एकदम "थांबा" म्हणालो. सूर्य बुडत होता. पाण्याच्या पलीकडच्या कडेला, पण पाण्यातच, एक वाळलेलं झाड उभं होतं. कहूचं, आपण अर्जुन म्हणतो तो. पूर्वी कधी पाळ उंच केली तेव्हा पाणी वाढून ते बुडालं आणि उभ्या उभ्या मेलं. साल गळून पांढरं पडलेलं. एक फांदी वर, बाकीच्या सगळ्या एका बाजूला झुकलेल्या, त्यांवर पाणकावळे पंख पसरून बसलेले. मागे नुसतं पाणी आणि आभाळ.

मला दिसायला लागलं. खरंच सांगतो, दोन वर्षांत पहिल्यांदा. उजेड चुकीचा होता, सूर्य झाडाच्या मागे होता. पहाटे धुकं असताना, कोवळं ऊन या बाजूनं आलं की मग. कुठे उभं राहायचं, झाड चौकटीच्या कुठल्या बाजूला ठेवायचं, डावीकडे किती पाणी सोडायचं, सगळं तिथंच ठरलं. बंडीत बसून मी कॅमेरा न उघडताच तो फोटो काढून मोकळा झालो होतो.

घरी डोमाजीभाऊंच्या वहिनी होत्या, बायजाबाई. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली, घरात शब्द त्यांचा चालतो. तळ्यात मासे धरणाऱ्या ढिवर मंडळींवरही त्यांचाच वचक. त्यांनी जेवायला वांग्यात घातलेले सुके झिंगे, तांदळाची भाकर आणि लाखोळीची डाळ वाढली. झिंगे मी दोनदा मागून घेतले. बघायला जमलेल्या माणसांसमोर डोमाजीभाऊंनी विचारलं, "मंग आमच्या गावात कायचा फोटू काढता जी?"

मी म्हणालो, "त्या तळ्यातल्या वाळलेल्या झाडाचा."

मग बायजाबाई म्हणाल्या, "वाळल्या झाडाचा? काऊन? महादेवाचं देऊळ हाये, नवीन शाळा हाये."

"मला ते झाडच हवं आहे, बाई. तो फोटो कॅलेंडरवर छापायचाय."

"म्हनजे घरोघरी भितीवर लागन?"

"लागेल. वर्षभर."

"हाव का," बायजाबाई म्हणाल्या आणि आणखी भात वाढला.

हे सगळं मुद्दाम शब्दाला शब्द लिहितो आहे. मी सांगितलं नव्हतं, किंवा मोघम सांगितलं, असं नंतर कुणी म्हणू नये.

सकाळी गेलो तर धुकं इतकं दाट की पाळीवरून पायाखालचं पाणी दिसेना, मग झाड कुठलं? ऊन वर आलं तेव्हा धुकं एकदम उडालं आणि सगळं रखरखीत झालं. दैव देतं, कर्म नेतं. उद्या बघू म्हटलं. दिवस घालवायचा म्हणून जवळच्या टेकडीवर चढलो. खरं सांगायचं तर मजेत होतो. रस्त्यात दगड दिसला तरी त्याच्यावरचा उजेड बघत होतो. शीळसुद्धा घातली असेन.

संध्याकाळी दमून परत आलो तर अंगणात हंड्यात पाणी कढत होतं. बायजाबाई म्हणाल्या, "आंग धुऊन घ्या, भाऊ." त्या थंडीत ते कढत पाणी, काय सांगू! मी तोंडभर स्तुती केली. म्हणालो, आमच्याकडे बंबात एवढं चांगलं पाणी तापत नाही.

"लाकूड चांगलं वाळून व्हतं ना," डोमाजीभाऊ म्हणाले. "कहूचं."

मी पंचा गुंडाळून तसाच उभा राहिलो. चुलाण्याशेजारी पांढऱ्या लाकडाची रास होती. साल गळलेलं लाकूड. अंगावरच्या गरम पाण्याची मला शिसारी आली.

"कुठलं कहूचं?"

"तुमचंच. तयातलं. ढिवर डोंगे घेऊन गेले व्हते. दिवसभर लागला पोट्ट्याईले."

मी काय काय बोललो ते सगळं लिहिता येणार नाही. तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी काल सगळ्यांसमोर सांगितलं होतं, मला ते झाड हवंय, तेच झाड, दुसरं काही नको. तुम्हाला ऐकू आलं नाही का?

"आलं ना," बायजाबाई म्हणाल्या. "आयकलं म्हनूनच तोडलं."

"म्हणजे काय?"

"सकाळी उठल्यावर मानूस भितीकडे पायते. सालभर वाळलं झाड पायन? कोनाच्या घरी लगीन रायते, कोनी पोटुशी रायते. तिच्यासमोर वाळलं झाड लटकवता तुमी? लोकं शिव्या देतीन तुमाले. आनं आमच्या गावाले म्हनतीन, याहीच्या तयात वाळलं झाड हाये म्हनून. तुमी पाव्हने. चुकून राह्यले व्हते. पाव्हन्याची चूक आपन नाई सुदरावं त कोनी सुदरावं?"

"ती चूक नव्हती. मी त्यासाठी साताऱ्याहून आलोय."

"मंग आता चांगला काढा ना. तयं कसं सफा करून ठेवलं, पायजा उद्या."

तळं सरकारी, झाड सरकारी, परवानगीशिवाय तोडलंत कसं, असंही मी ओरडलो. डोमाजीभाऊ म्हणाले, "पान्यातलं झाड कोनाच्या कागदावर नाई जी." त्यांचा चेहरा पडला होता. त्यांना खरंच कळत नव्हतं. दिवसभर माणसं थंड पाण्यात उभी राहून खपली ती माझ्यासाठी, आणि मी मात्र तिथं पंचा गुंडाळून थयथयाट करतोय.

मला आणखी एक आठवलं आणि राग दुप्पट झाला. नवरीच्या गालावर देवीचे व्रण असले तर मी काचेवर पेन्सिल फिरवून ते पुसतो. कुणी सांगत नाही, मीच पुसतो. भिंतीवर लागणाऱ्या फोटोत असलं काही असू नये, असं साताऱ्यात सगळेच मानतात. पण म्हणून काय माझं झाड तोडायचं? व्रण पुसतो म्हणून मी नवरीचा गाल कापत नाही.

मी जेवणार नाही म्हणालो. बायजाबाईंनी माझं ताट उचललं नाही. समोर बसून राहिल्या. म्हणाल्या, "रागवा ना. रागवाले कोनी नाई म्हनते का? पन पाव्हना उपाशी निजला त आमी बी नाई जेवत. घरातले सारे बसून हायेत." चुलीमागे डोमाजीभाऊंची बायको आणि सुना खरोखरच ताटकळत बसल्या होत्या. काय करणार? जेवलो. रागानं जेवलो. त्या दिवशीची मरळ आयुष्यात खाल्लेल्या माशांत सगळ्यांत चवदार होती, हेही मला सहन झालं नाही.

तळ्यावर, सकाळी

पुढच्या सकाळी धुकं अगदी हवं तसं पडलं. पातळ, पाण्याला लागून, वरच्या अंगाला ऊन. मी बोललो होतो ना, कोवळं ऊन या बाजूनं? तसंच आलं. सगळं होतं आणि झाड नव्हतं. पाण्यातला खुंटसुद्धा त्यांनी पाण्याखालून कापला होता. इतकं मन लावून केलेलं काम मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही.

पाळीवर अर्धं गाव धुतलेले कपडे घालून उभं होतं. मात्र कॅमेऱ्यासमोर कुणी आलं नाही. बायजाबाईंनी सगळ्यांना माझ्यामागे उभं केलं होतं. "पाव्हन्याले काढू द्या," त्या म्हणत होत्या.

मी काढणार नव्हतो. तिकाटणं उचलून चालायला लागायचं मनात होतं. पण हट्ट म्हणून, निव्वळ हट्ट म्हणून, पहिल्या संध्याकाळी ठरवलेल्या जागी जाऊन उभा राहिलो. ठरवलं होतं तसाच कॅमेरा लावला, झाड उजवीकडे येईल असा, डावीकडे तेवढंच पाणी सोडून. वाटलं, तुम्ही झाड तोडलंत ना, मी त्याची जागा सोडत नाही. काळ्या फडक्याखाली शिरलो. दुधी काचेवर तळं उलटं आलं, धुकं खाली, पाणी वर, आणि जिथं झाड असायला हवं होतं तिथं काही नाही.

फडक्याखाली कुणाला दिसत नाही, म्हणून सांगतो, मी रडलो. त्या झाडासाठी रडलो. दोन वर्षं मी या काचेत बघत होतो, समोर सगळं असायचं, आणि मला कधी काही कमी वाटलं नव्हतं. आता समोर झाड नव्हतं आणि मला तेवढं एकच हवं होतं. नाक पुसलं, काच सरकवली, टोपी काढली, मोजलं, टोपी लावली.

"निंगाला का?" बायजाबाईंनी विचारलं.

"निघाला."

"चांगला निंगाला?"

"माहीत नाही," मी म्हणालो. अजून राग होताच. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, डोळ्यांकडे पाहिलं असावं. मग डोमाजीभाऊंकडे वळून हळूच म्हणाल्या, "झाड लय आवडलं व्हतं त्याहीले. आपन सोडाले पायजे व्हतं का जी?" डोमाजीभाऊ बैल जुंपायला गेले. निघताना बायजाबाईंनी वाटेत खायला पोहे बांधून दिले. मी घेतले, पण आभार मानले नाहीत.

परत

साताऱ्याला आल्यावर काच धुतली, कागदावर उतरवली. फोटो ओला असतानाच सुमननं तो उचलला. तिला मी प्रवासातलं काहीच सांगितलं नव्हतं, सांगायला लागलो की माझा आवाज चढायचा. तिनं तो उजेडाकडे धरला. मग उजवीकडच्या मोकळ्या पाण्यावर बोट ठेवून म्हणाली, "इथं काय होतं हो?"

मी तिला सगळं सांगितलं. सांगताना पुन्हा इतका चिडलो की शेजारचे येऊन विचारून गेले, काय झालं म्हणून.

पुढल्या आठवड्यात फोटो घेऊन पुण्याला गेलो. कॅलेंडरवाला खूश झाला. फार शांत आहे म्हणाला. शांत! मग मान तिरकी करून म्हणाला, "फक्त ही उजवी बाजू मोकळी वाटते. आमच्या रंगाऱ्याकडून तिथं एक होडी काढून घेऊ. सुरेख दिसेल."

मी त्याच्या हातातून फोटो ओढून घेतला. मग जे बोललो त्यानंतर त्या दुकानाची पायरी पुन्हा चढायला तोंड उरलेलं नाही. कॅलेंडर गेलं ते गेलंच. फोटो कागदात गुंडाळून साताऱ्याची एस. टी. धरली. शिरवळच्या अलीकडे नीरेवर गाडी आली तेव्हा पुलाखालच्या खडकांवर तिरपं ऊन पडलं होतं, पाण्याची एकच बारीक धार चमकत होती, आणि मी कॅमेरा घरी ठेवून आलो होतो. स्वतःला अशा काही शिव्या दिल्या की शेजारचा माणूस आपलं गाठोडं उचलून पुढच्या बाकावर जाऊन बसला.